रिकामं घर, क्रमांक ८८-ब

स्टिलर्स फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
१६ मार्च १९९४

चि. मार्नीस, आजीचे अ. उ. आ. वि. वि.

मी जिवंत आहे, कोंबड्या जिवंत आहेत. डेल्फिया दर बुधवारसारखी लिहायला बसली आहे आणि माझ्या तोंडाकडे अशी बघते आहे, जणू पोस्टातून निवृत्त होताना सरकारने तिला माझ्या जिभेवर पहारा ठेवायला सांगितलं होतं.

परवा सोमवारी नगर परिषदेची सभा झाली. तुला माहीतच आहे, मी एकही चुकवत नाही. हॉल उबदार असतो, बिस्किटं फुकट असतात, आणि पाच मोठी माणसं एका टेबलामागे बसून गंभीर चेहरा करतात ते दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? या वेळी खड्ड्यावर चर्चा झाली. खड्डा गेल्या वर्षीचाच आहे, चर्चा मात्र ताजी होती. मग नाताळचे दिवे अजून खांबांवर लटकताहेत ते उतरवावेत की आता डिसेंबर किती लांब राहिलाय, यावर वीस मिनिटं गेली. शेवटी समिती नेमली.

त्यानंतर माझी आवडती गंमत. नेहमीच्या कामांची एक यादी असते. महापौर विचारतात, यातलं कुणाला काही वेगळं काढून बोलायचंय का, आणि कुणी तोंड उघडायच्या आत हातोडी उचलतात. तुझा हॉलिसमामा म्हणतो, सगळी यादी मंजूर करावी. शेजारचा म्हणतो, अनुमोदन. पाची जण हो म्हणतात. माझं बिस्किट कॉफीतून तोंडापर्यंत येईस्तोवर अकरा कामं उरकली होती. मी टाळ्या वाजवल्या. एवढ्या झपाट्याने काम झाल्यावर कुणीतरी वाजवायला नकोत?

हॉलिस महापौर व्हायला उभा राहतोय. त्याच्या पत्रकावर त्याचा हसरा फोटो आहे आणि खाली छापलंय, म्हणे, ‘प्रत्येक कागद वाचणारा माणूस’. डेल्फियाने वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, चला, आमच्या घराण्यात एक तरी निघाला.

बाकी विशेष नाही. पुढच्या दारावर कुणीतरी छान जाड नारिंगी कागद चिकटवून गेलं होतं. त्या दाराने माझ्याकडे कोण येतंय? पण कागद उत्तम निघाला. खुराड्याची काच फुटली होती, तिथे ठोकलाय. वारा अगदी बंद.

तुझा लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला गेलीस तर वेळ मिळायचा नाही तुला.
तुझी आजी, लुएला स्टिडम

(‘जिभेवर पहारा’ हे मी लिहिणार नव्हते. लिहिलं. — डेल्फिया)

कोलंबस, ओहायो
२१ मार्च १९९४

ती. आजीस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की मुकादमीणबाईंना वाटलं मला साबण चढला. मी ठीक आहे. पाय दुखतात, पण ते काही आजचं नाही. दाराबाहेर कुंडी ठेवली होती, ती कुणीतरी नेली. रोप राहू दिलं, कुंडी नेली, म्हणजे चोर आमच्याच मजल्यावरचा असणार.

आजी, तो नारिंगी कागद. इकडे असे कागद सरकार चिकटवतं, आणि आमंत्रणाचे नसतात. पुढच्या बुधवारची वाट बघू नकोस. डेल्फियामावशीला आजच्या आज खुराड्यात ने आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांग. आणि मला लगेच कळव.

काळजीत असलेली, तुझीच,
मार्नी

स्टिलर्स फोर्क
२५ मार्च १९९४

चि. मार्नीस, आ. वि. वि.

नेलं खुराड्यात. डेल्फियाने डोकं वाकडं करून पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि दाण्याच्या बादलीवर बसली. मी म्हटलं, अगं, वाच की मोठ्याने, मी काय उभी राहून तुझा चेहरा वाचू?

तर ऐक. भूखंड अठ्ठ्याऐंशी-ब, म्हणजे मी बसलेय तोच, इथलं घर तीन वर्षं रिकामं आहे. कुणी राहत नाही. गावाला धोका आहे. सबब पाडावं. काही हरकत असेल तर चौदा मार्चच्या सभेत सांगावी. मी त्या सभेत पहिल्या रांगेत बसले होते, मार्नी. माझं घर पाडायचं ठरलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

रिकामं का, तर पाण्याचं मीटर फिरत नाही. गावाने नळ बसवला तेव्हापासून मी ते पाणी पीत नाही, त्याला पोहण्याच्या तलावाचा वास येतो. टेकडीवरच्या झऱ्याची नळी आहे, आईच्या वेळेपासूनची, ती काय मेली का? मग कुणा हुशाराने मीटरांची वही उघडली, जिथे तीन वर्षं शून्य तिथे माणूस नाही असं ठरवलं, आणि नऊ घरांची यादी केली. यादीत नावं नाहीत, नुसते भूखंडांचे आकडे. ती नेहमीच्या कामांत सहावी होती.

नगरभवनात गेले. रोंडा कारकून, जिच्या बारशाला मी केक केला होता, तिने मला खुर्ची दिली, कॉफी दिली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग सांगितलं की लुएलाबाई, फाइलप्रमाणे तुमच्या घरात कुणी राहत नाही. मी म्हटलं, विजेचं बिल कोण भरतं, भूत? ती म्हणाली वीज वेगळ्या खात्याची, आमचं फक्त पाणी. दारावर चिकटवला की कागद पोचला, असा कायदा आहे. अठरा एप्रिलला यंत्र येणार.

मग हॉलिसच्या टायरच्या दुकानात गेले. मला बघून टायरमागे लपायला निघाला होता, पण पोट आडवं आलं. म्हणाला, मावशी, शप्पथ सांगतो, आकड्यावरून कसं कळणार? अकरा-अकरा कामं असतात, कोण वाचतं! मी फक्त भिंतीवरच्या त्याच्या पत्रकाकडे बघितलं. तो लाल झाला.

आता कायद्याची गंमत बघ. मंजूर झालेली गोष्ट पुन्हा उघडायची तर ज्याने तेव्हा हो म्हटलं त्यानेच उठून मागणी करायची. आणि कारण सांगायचं. हॉलिसला कारण सांगायचं नाहीये, निवडणूक दहा मेला आहे. त्याने मला समजावलं की नदीकाठच्या वृद्धांच्या इमारतीत खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, दर शुक्रवारी मासे असतात. मावशी, तू आता एक्याऐंशीची, असं म्हणाला. मी म्हटलं, मोजता येतं तुला? मग वाचता का येत नाही?

माया कमी करू नकोस. घर कमी होतंय तेवढं पुरे.
आजी

कोलंबस
३० मार्च १९९४

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. दुपारी मी हॉलिसमामाला फोन करून दोन शब्द सुनावायचे ठरवलं होतं, पण त्याचाच फोन आला. बराच वेळ बोलला. रडवेला झाला होता. त्याचं चुकलंच, तो नाही म्हणत नाही. पण आजी, त्याने जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. जानेवारीत तू पायरीवरच्या बर्फावरून घसरलीस ते तू मला कळवलं नव्हतंस. लाकडं तूच फोडतेस. कधी काही झालं तर डेल्फियामावशी बुधवारीच येणार.

रागावू नकोस. ती इमारत मी बघितली आहे, स्वच्छ आहे. नाहीतर माझ्याकडे ये, मी सोफ्यावर झोपेन. खरंच इतकं वाईट होईल का गं? मी मामाला म्हटलं, मी तिला विचारून बघते. तो म्हणाला, तू हो म्हटलंस तर तीही म्हणेल. मी हो म्हटलं.

तुझ्या काळजीतली,
मार्नी

स्टिलर्स फोर्क
४ एप्रिल १९९४

चि. मार्नीस, आशीर्वाद.

हे पत्र दोनदा लिहिलं गेलं. पहिलं जास्त खरं होतं. डेल्फिया म्हणाली, हे पाठवलंस तर मी पुन्हा लिहायला येणार नाही. म्हणून हे दुसरं.

त्या इमारतीत मी गेले आहे. गेल्या उन्हाळ्यात पर्ल बॉगसला भेटायला. दोन्ही बाजूंना सारखी दारं, सारखा रंग, दारावर पाट्या. पर्लने सांगितलं होतं डावीकडचं पाचवं. कुठल्या डावीकडचं? मी एका म्हाताऱ्याच्या न्हाणीघरात जाऊन उभी राहिले. तो टबात होता. मी त्याला तब्येत विचारली, मग बाहेर आले. हसलीस ना? हस. मीही हसले, पण त्यानंतर पर्लकडे गेले नाही.

मी सहा वर्षांची होते तेव्हा आई आजारी पडली आणि धाकट्या तिघांना सांभाळायला मला शाळेतून काढलं. त्याचं मला काही नाही. पण तुम्हा लोकांना जे कागदावरून कळतं ते मला जागेवरून कळतं. हृदयाची गोळी खिडकीतल्या निळ्या कपात, रक्तदाबाची चुलीवरच्या फळीवर. मीठ उजवीकडे, सोडा डावीकडे. अंधारात भिंतीला हात लावला की कुठे आहे ते समजतं. दुसऱ्या घरात मला सगळं विचारावं लागेल, मार्नी. रोज. तुझा पलंग कितीही मऊ असला तरी.

अकरा तारखेला सभा आहे. मी जाणार आहे.
आजी

(पहिलं पत्र मी फाडलेलं नाही. — डेल्फिया)

स्टिलर्स फोर्क
१३ एप्रिल १९९४

चि. मार्नीस, आजीचे अ. आ. वि. वि.

सभा झाली. सांगते.

नागरिकांना तीन मिनिटं बोलता येतं, पण आधी चिठ्ठीवर नाव आणि पत्ता लिहायचा. डेल्फियाने लिहिला. रोंडाने पत्ता बघितला, घसा खाकरला, आणि म्हणाली की या पत्त्यावर तर कुणी राहत नाही, आणि गावात न राहणाऱ्याला बोलता येत नाही. बिचारीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नियम म्हणजे नियम. महापौरांनी टाय सैल केला. मी म्हटलं, असू दे, मी बोलत नाही, मी ऐकायलाच आले आहे. मागच्या सभेत काय झालं तेवढं वाचून दाखवा.

त्यांच्या पुस्तकात आहे तसं. मागच्या सभेचा वृत्तांत मंजूर करण्याआधी हॉलमधल्या कुणीही वाचा म्हटलं तर वाचावा लागतो. इतकी वर्षं कुणी म्हटलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाचता येतं. हे मला डेल्फियाने शोधून दिलं, दोन दिवस चष्मा लावून बसली होती.

रोंडाने वाचायला सुरुवात केली. खड्डा. दिवे. समिती. सहाव्या कामाला ती म्हणाली, सोबतच्या यादीप्रमाणे घरं. मी म्हटलं, यादीही वाच, बाळ. ती आकडा वाचायची आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी सांगायचं की हे जुन्या पर्डीचं, छप्पर गेलंय, पाडा. हे त्या दोघा भावांचं, ते फ्लोरिडाला गेले. बाकांवर मजा यायला लागली होती, लोक पुढे सरकून बसले. मग ती अठ्ठ्याऐंशी-ब म्हणाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॉफी प्यायले.

महापौर म्हणाले, हे पुन्हा उघडायचं असेल तर हो म्हटलेल्यांपैकी कुणीतरी मागणी करावी. पाचही जण हो म्हटलेले. एकाने पेन्सिलीला टोक करायला घेतलं. एक पंख्याकडे बघत होता, पंखा बंद होता. हॉलिस टेबलाकडे बघत होता. वर्तमानपत्राची मुलगी पहिल्या रांगेत वही उघडून बसलेली. मार्नी, मी त्याला लहानपणी गोवरात सोळा दिवस मांडीवर घेतलंय. त्या हॉलमध्ये मला एवढंच वाटत होतं की पोरा, उठ, नाहीतर मला तुझी लाज वाटेल, आणि ती लाज मला घरापेक्षा जड जाईल.

उठला. वेळ लावला, पण उठला. त्याने माइक जवळ ओढला आणि म्हणाला, मी मागणी करतो. कारण असं की मी यादी वाचली नव्हती. मग कुणी विचारलं नसताना म्हणाला, मी कधीच वाचत नाही. खाली बसला.

मतं झाली. चार हो. एक नाही, कारण अशाने पायंडा पडेल म्हणे. कसला, घरात माणसं असण्याचा? असो. यंत्र येणार नाही. महिन्यातून एकदा नळ सोडायचा, एवढं मी कबूल केलंय. दारातल्या फुलांना घालीन ते पाणी, फुलांना वास कळत नाही.

हॉलिसने गाडीतून घरी आणून सोडलं. आत येऊन बसला, मक्याचा पाव दोनदा घेतला. मग हळूच विचारलं, मावशी, मी हरलो ना गं निवडणूक? मी म्हटलं, हो रे. आणि पावाचा तिसरा तुकडा दिला.

आता तुझं. गेल्या पत्रात तू लिहिलंस की मामाला तू हो म्हटलंस. मायेने म्हटलंस, मला कळतं. ते पाचही जण काही वाईट माणसं नाहीत, त्यांनीही कुणाचं वाईट चिंतून हात वर केला नव्हता. पण त्यांच्यासारखंच तूही न वाचता हो म्हटलंस, मार्नी. एक्याऐंशी वर्षांचं होतं वाचायला, तुझ्यासमोर उघडं पडलेलं.

हॉलिसला उभं राहायला फार वेळ लागला. तुला बसल्याबसल्या लिहायचंय. दोन ओळी पुरे, डेल्फिया वाचून दाखवेल, आणि रडली तर मी तुला कळवीन.

राग गेलाय, माया होती तिथेच आहे. पत्ता तोच.
तुझी आजी,
लुएला स्टिडम