तुला पेन नको होतं
आई, आजपासून मलाही इन्शुलिन सुरू झालं. डॉक्टर म्हणजे मी निवृत्तीआधी शिकवलेल्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाची पोरगी. तिने सिरिंज, पेन आणि कमरेला लावायचा पंप टेबलावर असे मांडले, जणू मी इतवारीच्या बाजारात साड्या बघायला आले होते. "आंटी, आरामात ठरवा." आंटी! शाळेत असते तर बाकावर उभी केली असती.

मी तुझ्यासाठी पेन आणलं होतं, तो दिवस आठवतो? शाळेच्या घाईत रोज सकाळी तुझ्याकडे धावायचं, फ्रिजमधली बाटली तळहातांत घोळवायची, सिरिंज भरायची, तुझ्या पोटाची चिमटी धरायची. वाटलं, पेन आलं की दोघीही सुटू. नुसता आकडा फिरवायचा आणि टोचायचं. तू ते हातातसुद्धा घेतलं नाहीस. "मले नाई दिसत वं त्याचे आकडे. तूच टोच." मी भडकले. "आकडे दिसत नाहीत? काल शेजारणीच्या पदराचा तुटका धागा चष्म्याशिवाय जोडून दिलास! मागावर वाढलेली कोष्ट्याची लेक तू, कोणाला बनवतेस?" तू शांतपणे पोटावरचं लुगडं सारलंस. "बोलून झालं असंन तं टोच आता. तुया चहा थंडा होऊन राहिला."

मी टोचलं, रागातच. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला ताठ बसायला शिकवलं, आईच्या कुशीत शिरायला नाही. आणि तूही काही गळ्यात पडणारी नव्हतीस. मी मोठी झाल्यावर माझा हात तुझ्या अंगाला लागायचा, तो एवढाच. हे मला तू गेल्यावर कळलं, तेही फार सावकाश. अगं, सरळ सांगायचंस ना! "रोज येत जा" म्हणायला तुझं काय जात होतं? अजून संताप येतो तुझा. येतो, आणि मग घरात ओरडायला कोणी सापडत नाही.

डॉक्टर बोलत होती आणि माझे रिकामे तळहात आपोआप बाटली घोळवू लागले. "अरे वा, तुम्हाला तर येतं! मग सिरिंजच लिहू?" मी पेन उचललं. "हे लिही. घरी कोणी नाही."

तिने ते विचारलंच नव्हतं, आई. तुझा पत्ता असता, तर हे पत्र टाकण्याआधी तेवढं वाक्य मी खोडलं असतं.