वाराची भाकरी

जुळे सोलापूर
१६ मार्च

प्रिय हरिदास,

हातानं लिहिलेलं पत्र बघून तुला आधी हसू येईल, मग काळजी वाटेल. हसून घे. या आठवड्यात मी तुला तीनदा फोन केला आणि तीनही वेळा तू "बोला की ताई" म्हणालास, की मी चाकणला ऊन किती आहे हे विचारत बसले. तुझ्या आईला, बजाबाईंना, जाऊन आज बावीस दिवस झाले. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, आणि ती ऐकल्यावर तू मला ताई म्हणशील की नाही, मला खरंच ठाऊक नाही. ती एका दमात सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून जरा मागून येते. यातलं पुष्कळ तुला माहीत आहे. तरी वाच. ते एकदा माझ्या तोंडून यायला हवं.

अकरा वर्षांपूर्वी आपण पाणलोटाच्या कामावर होतो, तू संस्थेत नवा होतास आणि मी स्वतःला फार जुनी समजत होते. मंद्रूपच्या बाजारात चहा पिताना तू सारखा घड्याळ बघत होतास. मी चिडवलं, कुणी मुलगी वाट बघतेय का म्हणून. तू म्हणालास, आज सोमवार, आमच्या घरचा वार आहे, आई भाकरी थापते पण गुडघ्यामुळं पोचवायला मला जावं लागतं. मग मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तुमच्या गल्लीत ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेली आहेत अशा म्हाताऱ्या माणसांना सात घरं सात वार वाटून घेऊन संध्याकाळची भाकरी पोचवतात. सोमवार बजाबाईंचा, मंगळवार शरणम्माचा, असं. भाकरी आणि कोरड्यास म्हणून काहीतरी कालवण फडक्यात बांधून द्यायचं. जेवणाऱ्यानं फडकं धुऊन दुसऱ्या दिवशी ज्या घराचा वार, त्या दाराच्या कडीला अडकवायचं. कडीला फडकं दिसलं की त्या घरच्या बाईनं पिठात हात घालताना एक मूठ जास्त घ्यायची. यादी नाही, बैठक नाही, कुणी अध्यक्ष नाही. हे कुणी सुरू केलं म्हणून विचारलं तर तू खांदे उडवलेस. तुझ्या आईनं, हे मला पुढं शरणम्माकडून कळलं.

मला तेव्हा काय झालं ते सांगते. मला आनंद झाला, पण तो गावाबद्दलचा नव्हता. पाणलोटाचा निधी मार्चअखेर संपत होता, नवा प्रस्ताव पाठवायला नऊ दिवस उरले होते आणि माझ्याकडे एक धड कल्पना नव्हती. तुझा चहा संपेपर्यंत मी मनात पहिलं पान लिहून काढलं होतं. जीपमध्ये बसल्यावर तुला सांगितलं तर तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "ताई, ते राहू दे की. ते आपलं न्हाय." मी तुला समजावलं. सात घरांचं सत्तर गावांत होईल, बायकांना ओळख मिळेल, काम टिकाऊ होईल. टिकाऊ हा शब्द मी किती वेळा वापरला असेन तेव्हा. तू ऐकून घेतलंस, कारण मी मोठी होते आणि कारण तुझं लग्न ठरलं होतं आणि तुझी नोकरीही त्याच प्रस्तावावर चालणार होती. हे मला कळत होतं, हरिदास. कळत असूनही मी तुझ्या गप्प बसण्याला होकार धरलं.

मग आपण ऑफिसात बसून त्याला नाव दिलं, 'मायेची शिदोरी'. गावात त्याला नावच नव्हतं, त्यामुळं कुणाची हरकत यायचा प्रश्नच नव्हता. फडकं आरोग्याला बरं नाही म्हणून स्टीलचे डबे आले, त्यांवर संस्थेचं चिन्ह आणि नंबर. भाकरी देताना मोबाइलवर फोटो काढायचा, त्यात डबा, देणारी आणि घेणारा तिघंही दिसले पाहिजेत. एखाद्या वारी फोटो आला नाही की शुक्रवारच्या बैठकीत मी विचारायचे, आणि ती बाई सगळ्यांसमोर खाली मान घालून कारण सांगायची, जणू शाळेचा गृहपाठ राहिला. पूर्वी एखादीला ताप आला तर ती पलीकडच्या दारात फडकं अडकवून मोकळी व्हायची. आता तसं केलं की नोंद चुकायची. बसलिंगप्पा आठवतो ना, दोन्ही डोळ्यांनी अधू, सगळ्यांत पहिल्यापासून भाकरी खाणारा? त्याच्या आधार कार्डावर वय एकसष्ट निघालं आणि आपली अट पासष्टची. मी त्याला लाभार्थी यादीतून काढलं. तो हसत हसत गावभर सांगत सुटला, सरकारनं मला तरणा केला, आता बायको बघा म्हणून. मीही ते ऑफिसात सांगून हसवलं होतं. त्याची भाकरी तुझ्या आईनं चालू ठेवली, फोटोशिवाय, फडक्यात बांधून, आणि तू ती नोंदीत कुठं दाखवली नाहीस. ते मला माहीत होतं. तेवढ्या एका गोष्टीकडे मी काणाडोळा केला, आणि इतकी वर्षं त्याचं समाधान मानत आले.

समारोपाचा कार्यक्रम मात्र मला विसरता येत नाही. शाळेच्या आवारात मांडव, मागे मोठा फलक, सातही बायकांना शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. मी भाषणात म्हणाले, तीन वर्षांपूर्वी तुम्ही जे काम हाती घेतलंत ते आज यशस्वीपणे पूर्ण होत आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू मागे सतरंज्या गोळा करत उभा होतास आणि तू टाळ्या वाजवल्या नाहीस, हे मी स्टेजवरून पाहिलं होतं. त्या बायकांचं काम मी बंद करणारी कोण? ते मी सुरू केलं नव्हतं. पण आपल्या कामात प्रत्येक गोष्टीला शेवटची तारीख असते, आणि त्या तारखेला हार घालून ती संपवावी लागते, नाहीतर अहवाल पुरा होत नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवून मी डबे परत मागवले, कारण ते मोडनिंबच्या पुढच्या प्रकल्पात लागणार होते.

त्यानंतर दोनच महिन्यांत तू राजीनामा दिलास. मला सांगितलंस, चाकणला मेहुण्याच्या ओळखीनं गोदामात काम मिळतंय. मी ते खरं मानलं, सोयीचं होतं म्हणून. बजाबाई तुमच्याबरोबर आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, तिसऱ्या मजल्यावर मला कोण बोलवणार आहे? तू दर दिवाळीला, जत्रेला यायचास, पैसेही पाठवायचास, फोन तर रोजचा. तू कुठं कमी पडलास असं या पत्रात कुठंही नाही. असं वाटलं तर ते माझ्या लिहिण्याचा दोष समज.

दहाव्याला मी शरणम्माच्या ओट्यावर तासभर बसले होते. तिच्याकडून कळलं, बसलिंगप्पा वारल्यावर तुझ्या आईचा सोमवारही थांबला, आणि मग वार ही गोष्टच गल्लीतून गेली. मी विचारलं, का गेली, भाकरी तर तुम्ही आधीपासून देतच होता. तिनं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "डबे घिऊन गेलासा की तुमीच. आमाला वाटलं, संपलं." मग मला वाईट वाटू नये म्हणून तिनं पुढं सांगितलं, की खरं म्हणजे बायकांना सुटल्यासारखंही झालं होतं. त्या फोटोंचा आणि शुक्रवारच्या बैठकीचा सगळ्यांना कंटाळा आला होता. अकरा वर्षांपूर्वी त्या गल्लीत कुणाला कंटाळा येत नव्हता, कारण ते काम आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. आपण त्याचं काम केलं, आणि काम म्हटलं की ते कधीतरी संपतं.

आता खरं ते. या वर्षी संस्थेला पुन्हा निधी मिळाला आहे, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या पोषणासाठी. आपल्याच जुन्या अहवालाच्या जोरावर मिळाला. माझी आता जी साहेब आहे ती कीर्ती, माझ्या मुलीच्या वयाची, हुशार आणि मनानं चांगली मुलगी आहे, तिला यात ओढू नकोस. तिनं आम्हाला प्रशिक्षण दिलं. एप्रिलमध्ये प्रकल्प सुरू व्हायच्या आधी पाहणी करायची, म्हणजे आधी काय स्थिती होती आणि नंतर किती फरक पडला ते दाखवता येतं. आणि पाहणीच्या वेळी कुणालाही काहीही द्यायचं नाही, खायलासुद्धा नाही, नाहीतर आधीचा आकडा बिघडतो. नियम म्हणून त्यात चूक नाही. मीच पूर्वी दहा जणांना तो शिकवला आहे. नमुन्यात तुमचं गाव आलं, आणि घरांच्या चिठ्ठ्यांत तुमचं घर आलं.

अठ्ठावीस जानेवारीला, दुपारी एकच्या सुमारास, मी तुझ्या आईसमोर बसले होते. त्यांचा उजवा हात मनगटापासून फडक्यानं बांधलेला होता. तुला त्यांनी मुरगळला म्हणून सांगितलं होतं ना? मोडला होता. न्हाणीत पडल्या होत्या, त्याला तीन आठवडे होऊन गेले होते, आणि तुला सुट्टी मिळत नाही म्हणून कळवायचं नाही असं त्यांनी शरणम्माकडूनही वदवून घेतलं होतं. एका हातानं भाकरी थापता येत नाही. शेगडी पुसलेली, कोरडी होती. वर चुरमुऱ्यांची पिशवी आणि बिस्किटाचा पुडा. मी चौदावा प्रश्न विचारला, काल दिवसभरात किती वेळा जेवलात? त्या म्हणाल्या, दोन येळा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी दोन लिहिलं. तुला सगळंच सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगते, की त्या क्षणी माझ्या मनात आलं, असं घर नमुन्यात आलं हे एका परीनं बरंच झालं, पुढं फरक ठळक दिसेल. मग त्यांनी विचारलं, "परकल्प कवा चालू व्हणार हाय, बाई?" ज्या बाईनं हे सगळं एका फडक्यावर चालवलं होतं, ती मला विचारत होती. मी म्हणाले, एप्रिलमध्ये. "मग हाय की थोडंच. तवर भागवू." आणि मी उठताना म्हणाल्या, तू जेवलीस का? मी म्हटलं, हो. माझा डबा पिशवीत होता, तीन चपात्या आणि मटकीची उसळ. गाव मागं पडल्यावर, मंद्रूपच्या रस्त्याला, मी तो जीपमध्ये बसून खाल्ला. तुझा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी फोन केला नाही. पाहणीतली माहिती बाहेर सांगायची नसते, असं मी स्वतःला सांगितलं. पंचविसाव्या दिवशी त्या गेल्या.

डॉक्टर हृदय म्हणाले, वय अठ्ठ्याहत्तर म्हणाले. तसंच असेल. मी डॉक्टर नाही, आणि तीन चपात्यांनी माणूस वाचतो असंही मी म्हणत नाही. हे लिहायचं कारण वेगळं आहे. दहाव्याच्या दिवशी सगळी भावकी समोर असताना तू माझे दोन्ही हात धरलेस आणि रडत म्हणालास, "आमच्यातलं कुणी न्हाय, ताई, शेवटी तुमीच बघून आलासा तिला." बायका माझ्याकडे मायेनं बघायला लागल्या, कुणीतरी मला बसायला पाट दिला, आणि मी मान हलवून ते सगळं घेतलं. मी तुझ्या आईला बघायला गेले नव्हते, हरिदास. चिठ्ठीत घर निघालं म्हणून गेले होते, आणि बघून, लिहून, उठून आले. तू मानलेस ते आभार माझे नव्हते. ते परत घे.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
वैजयंतीताई