पायाखालचा विषय

२ ऑक्टोबर

वीस तारखेच्या आत विषय निवडायचे. दोन. तिसऱ्या वर्षाचं बाकी सगळं ठरलेलंच असतं, हे दोन तेवढे आपल्या मर्जीचे. मर्जी म्हणे!

कोळसा काढून झाला, आता ती उकरलेली जमीन पुन्हा जमिनीसारखी करायची – हेच आमचं शिक्षण. ऐच्छिक म्हणून चार गोष्टी आहेत. खाणींच्या खड्ड्यांत झालेल्या तळ्यांचं पाणी. खणून परत टाकलेल्या वाळूच्या भरावावर लावलेली जंगलं. उतारावरचे द्राक्षमळे. आणि भरावाची स्थिरता. हा शेवटचा रेनर्ट बाईंचा.

माझ्या वर्गातल्या टीलोनं उभ्याउभ्या द्राक्षमळ्यांवर खूण केली. "परीक्षा वाइन चाखून द्यायची असते," म्हणाला. दुसरा विषय कुठला, याची त्याला फिकीरच नाही.

मी जंगलं आणि पाणी घेणार. झालं. ठरलं.

४ ऑक्टोबर

नाही ठरलं. रेनर्ट बाईंनी जिन्यात गाठलं. हातात ओला रेनकोट, चष्म्यावर थेंब.

"मादलेना, माझ्याकडे चौघं आलेत. पाच झाले नाहीत तर वर्ग भरत नाही."

मी म्हटलं, अजून विचार करतेय.

"बाकीचे चौघं लांबून आलेत. त्यांनी ती जमीन नकाशावर पाहिलीय. तुम्ही तिथे वाढलात."

म्हणूनच तर! पण बोलले नाही. मान हलवली आणि पळाले.

७ ऑक्टोबर

घरी. बटाटे, क्वार्कचं घट्ट आंबट चीज, वरून आईनं हात सैल सोडून ओतलेलं जवसाचं तेल. मी जेवताना रेनर्ट बाईंचं नाव काढलं. काढायला नको होतं.

बाबांनी काटा खाली ठेवला. "त्या बाईचा वर्ग सोडून काहीही घे. मधमाश्या पाळ हवं तर."

"मधमाश्या चावतात," आई म्हणाली.

"चावू देत."

आईनं बटाट्यांचं भांडं उचलून आत नेलं, जेवण संपलं. आमच्याकडे भरावाचा विषय निघाला की असंच होतं. बाबा डोझर चालवायचे, जुन्या खाणीच्या भरावावर. तीन वर्षांपूर्वी, पाइनची रोपं लावायची म्हणून जागा सपाट करत होते. ऊन पडलेलं. कोरडी वाळू. आणि पुढची सगळी जमीन लापशीसारखी हलली. त्यांनी मला हे एकदाच सांगितलंय – "आवाज झाला नाही, मादला. आवाज झाला असता तर बरं वाटलं असतं." डोझरच्या टपावर चढले, तिथून उलथलेल्या झाडावर उडी मारली, मग झाडाझाडांना धरत पोटावर सरपटत बाहेर आले. डोझर अजून आतच आहे. कुणी काढायला गेलं नाही.

आता ते बस डेपोच्या भांडारात काम करतात. घरातून निघाले की डांबरावरूनच चालतात. चर्चला जाताना कबरस्तानातून जवळची वाट आहे, गवतातली. ते सगळा वळसा घालून येतात, आणि उशीर झाला म्हणून आई पायरीवरच त्यांना सुनावते.

९ ऑक्टोबर

ज्यांचं ठरलेलं नाही अशांसाठी बाईंनी आज एक तास ठेवला होता. टीलो म्हणाला, चल, फुकट बिस्किटं असतात.

काचेची पेटी, मासे ठेवतात तशी. आत वाळू. वाळूवर बाईंनी कॉफीचा भरलेला मग ठेवला. खालून नळीनं पाणी सोडलं, हळूहळू. वाळू थोडी गडद झाली, बाकी काही नाही. कॉफीचा मग मजेत उभा.

"खाण चालू होती तेव्हा पंपांनी पाणी खेचलं जायचं. पंप बंद झाले. पाणी परत वर येतंय. ते त्याचंच घर आहे. आपण मध्ये सैल वाळू टाकून ठेवलीय."

आणि पेटीला बोटानं टिचकी मारली. नुसती टिचकी!

अख्खा मग आत गेला. बुडाला म्हणायलाही वेळ मिळाला नाही. वर कॉफीचा एक तपकिरी डाग.

सगळे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. टीलो मागून आला, दोन्ही खिशांत बिस्किटं. "पांढरी पडलीयेस. खा." बिस्किट हातातच राहिलं.

१२ ऑक्टोबर

लाज! लाज! लाज!

बाईंनी सगळ्यांना बसनं, जमीन खचते म्हणून बंद केलेल्या भागाच्या कडेला नेलं. कडेलाच फक्त, पक्क्या रस्त्यावर. बाकीचे उतरले. मी उतरू शकले नाही. पायरीपर्यंत आले. रस्त्याच्या पलीकडे वाळू, छोटे बर्च, पिवळी पानं. इतकं गोड दिसत होतं. आणि माझा हात दांडीवरून सुटेना. ड्रायव्हर म्हणाला, "पोरी, आत तरी हो नाहीतर बाहेर तरी, गार वारा येतोय."

"खाणवाल्याची मुलगी ना गं तू?" मागून ती लाइपझिगहून आलेली मुलगी म्हणाली. वाईट मनानं नाही. पण म्हणाली.

टीलो परत वर चढला, माझ्या शेजारी बसला आणि दोन तास द्राक्षांबद्दल बडबडला.

रेनर्ट बाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. ते जास्त लागलं.

१५ ऑक्टोबर

आज दिवसभर डांबरावरूनच चालले. लक्षात आलं तेव्हा हिरवळीच्या कडेला उभी होते आणि पाऊल उचलत नव्हतं.

१६ ऑक्टोबर

जंगलं आणि पाणी. उद्या घरी जाते, सोमवारी परत आले की नोंदवून टाकते. बाईंचा वर्ग भरला नाही तर नाही भरला! मी काय एकटीनं पृथ्वी धरून ठेवलीय?

१८ ऑक्टोबर

अक्षर बघ कसं आलंय.

सकाळी उठले तर आई घरात नाही. टोपली नाही, छोटी सुरी नाही. बाबा खिडकीत. "आळंब्यांना गेली," म्हणाले. आवाज कसातरीच. रस्त्यापलीकडचं पाइनचं रान दोन वर्षांपासून बंद आहे. पाट्या लावल्यात, दोन्ही भाषांत, जर्मनमध्ये आणि आमच्या सोर्बीमध्ये – आत जाऊ नका, जिवाला धोका. आईचं म्हणणं, आपल्या भाषेतल्या पाटीत दोन चुका आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय ऐकायचं!

आम्ही दोघं रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. आत, बरंच आत, तिचा निळा रुमाल. वाकलेली. बाबांनी हाक मारली – "हांजा!" ती उठली, हात हलवला, पुन्हा वाकली. बाबा डांबराच्या कडेपर्यंत गेले. पुढे पाय टाकला. मागे घेतला. पुन्हा टाकला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, ऑक्टोबरात. "मादला, माझ्याच्यानं होत नाही," म्हणाले. बाबा असं बोलतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

मग मी गेले.

का गेले माहीत नाही. हाक मारून ती येणारी नव्हती, आणि बाबा तिथे कोसळले असते. शेवाळ मऊ होतं. पाऊल उचललं की मागे ठशात पाणी भरत होतं, गुपचूप. पेटीतला मग डोळ्यांसमोरून हलेना. एकेक पाऊल टाकताना श्वास घ्यायचंच विसरत होते. रडतही होते, असं आई नंतर म्हणाली.

"अगं, तू कशाला आलीस? बघ, केवढ्या निघाल्यात!"

"आई, पाय आपटू नकोस. हळू वळ. माझ्याजवळ येऊ नकोस, लांबून चाल. मी आले त्याच वाटेनं."

"तू मला चालायला शिकवतेस? चाळीस वर्षं मी या रानात –"

"आई, हे ते रान नाही! ते खणून काढलं, खालचा कोळसा जाळला! हे वरून टाकलंय!"

किंचाळायला नको होतं. मीच किंचाळले आणि मीच घाबरून गप्प झाले. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या बुटांकडे. बुटांभोवती पाणी होतं. तिचा चेहरा बदलला. टोपली टाक म्हटलं तर टाकली नाही, छातीशी धरली आणि माझ्यामागून निघाली, लांबून, सांगितलं तशी. रस्ता येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. माझी आई!

रस्त्यावर पोचलो तेव्हा बाबा खाली बसले होते, डांबरावर, पाय पसरून, लहान मुलासारखे. आईनं त्यांच्या मांडीवर टोपली ठेवली. "घ्या. तुमच्या आवडीच्या." आणि मग तिला हुंदका आला.

काही झालं नाही. जमीन जिथल्या तिथे आहे. काही झालं नाही!

पण एक गोष्ट मला सोडत नाहीये. मी आईला सगळं ठामपणे सांगत होते – लांबून चाल, त्याच वाटेनं ये – आणि ते खरं की खोटं, मला माहीत नव्हतं. अंदाज होता. पेटी पाहिली, बाबांची हकीकत ऐकली, त्यावरून ठोकून दिलं. वाट बदलायला हवी होती का? थांबून मदत बोलवायला हवी होती का? आई माझ्या शब्दावर चालत होती, आणि माझ्या शब्दाखाली काहीच नव्हतं.

२० ऑक्टोबर

जंगलं. आणि भरावाची स्थिरता.

खूण केली आणि शौचालयात जाऊन ओकले. रेनर्ट बाई दारात भेटल्या. "पाच," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मला बसमधून उतरता येत नाही. त्या म्हणाल्या, "मलाही पहिल्या वर्षी येत नव्हतं. न घाबरणारा माणूस मी वर्गात घेत नाही, तो आपल्याबरोबर दुसऱ्यालाही खाली नेतो."

टीलोचं म्हणणं, आता मी नक्की मरणार, तर माझी सायकल त्याला द्यावी.

२५ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं. बसून ऐकलं, उठले, बाहेर गेले. डांबरावरून कोपऱ्यापर्यंत आणि परत. कोपऱ्यापर्यंत आणि परत.

"त्यांना वेळ दे," आई म्हणाली. आणि हळूच, "मला सांग ना, तिथे खरंच जमिनीत गेलो असतो का आपण?"

माहीत नाही गं, म्हटलं. अजून शिकवलेलं नाही.

१ नोव्हेंबर

बाईंचा तिसरा तास झाला. अजून भीती वाटते. पण आता कशाची वाटते ते सांगता येतं. वाळूचे कण किती गोल, किती सैल, पाणी कुठवर आलंय. यानं भीती कमी होत नाही. मला वाटलं होतं होईल. उलट रात्री पलंगावर पाय ठेवताना फरशीखाली काय असेल, हे मनात येतं.

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझं ताट मात्र तेच वाढतात.

७ नोव्हेंबर

घरी आले तर फुटबॉलच्या मैदानाशेजारी जमिनीत भोकं पाडायचं यंत्र आलंय. नारिंगी कोट घातलेली चार माणसं. रस्त्याच्या अलीकडे! आमच्या बाजूला! आई त्यांना गरम चहा देऊन आली, काही कळतंय का बघायला. पाणी अंदाजापेक्षा वर आलंय, एवढंच म्हणाले. इथली पहिली घरं बांधली तेव्हा जुन्या, छोट्या खाणीचा खड्डा बुजवला होता म्हणे. तो नेमका कुठवर, कुणालाच ठाऊक नाही.

बाबांनी त्या बाजूचा पडदा ओढून घेतला.

८ नोव्हेंबर

यंत्र दिवसभर चालू. मी आज परत जाणार होते, गेले नाही.

११ नोव्हेंबर

धोक्याच्या पाट्या रस्ता ओलांडून अलीकडे आल्या. आमचं घर आता त्यांच्या आत.

बाबांनी त्या माणसांना काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात आले, माझ्यासमोरची खुर्ची अलगद, न ओढता, उचलून मागे घेतली आणि बसले. म्हणाले, "मादला, आता घरात कसं चालायचं, सांग."