फुलसावंगी म्हणजे एकच माणूस

२ जून, सोमवार. उमरखेड
संस्थेच्या नर्सिंग प्रवेशाचे फॉर्म आजपासून ऑनलाइन. मुदत शुक्रवार, संध्या. ५. दोन सर्व्हर, त्यांच्या पुढे मी बसवलेला लोड बॅलन्सर. तांड्यावरून याडीचा फोन. लेक उमरखेडात दिवसभर करते काय, हे आईला अजून कळलेलं नाही. म्हटलं, पंगतीच्या दारात उभी राहते, येतील त्यांना दोन ओळींत वाटून बसवते.
"अन् वाढत नाई का कोनाले?"
नाही, नुसती बसवते. तिला काही हे काम पटलं नाही.

३ जून
सर्व्हर क्र. १ धापा टाकतोय, क्र. २ माशा मारतोय. सेटिंग तीनदा तपासली, सगळं बरोबर. मग हे असं का?
दुपारी फुलसावंगीहून काकाची कविता. "बाई, पान नुसतं गोल गोल फिरून राह्यलं." तांड्यावरच्या चौदा मुली सकाळपासून गजाननभाऊच्या नेट सेंटरवर बसून आहेत. काकांनी तिला साफ सांगितलंय: यंदा नंबर लागला तर शीक, नाही तर दिवाळीनंतर पाहुणे येतील. फोनवर ती हसत होती. मला नाही हसू आलं.

४ जून
सापडलं. इंटरनेटच्या एका पत्त्यावरून आलेला माणूस कायम एकाच सर्व्हरकडे जाईल, असं मीच लावलंय. लावणं भाग होतं, कारण अर्धा भरलेला फॉर्म त्याच सर्व्हरच्या मेमरीत राहतो. पण आख्खं गाव फॉर्म भरतं गजाननभाऊकडे, त्याच्या एकाच वायफायवरून. म्हणजे बॅलन्सरच्या लेखी फुलसावंगी हा एकच माणूस. महागावचं सेंटर हा दुसरा. दोघेही नेमके क्र. १ च्या पदरात.
एकेकाळी माझा स्वतःचा फॉर्म तिथेच भरला होता. आणि मलाच हे सुचू नये! फार राग आला स्वतःचा.
कविताला म्हटलं, तुझ्या मोबाइलवरून भर. "नाई बाई, चुकलं तं? भाऊ बरोबर भरते."
फॉर्म बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. उत्तर: पुढच्या वर्षी सुधारू.

५ जून
गजाननभाऊकडून त्याच्या लाइनचा पत्ता मागून घेतला, हाताने क्र. २ ला बांधला. लगेच फरक. "पळून राह्यलं बाई!" दाखले आज कोणी आणले नव्हते, म्हणून उद्या सकाळी सगळ्या बसणार. आज जेवण गोड लागलं.

६ जून, शुक्रवार
दाखले जमायलाच दुपार झाली; चौदाही फॉर्म भरून भाऊ शेवटचं तपासत होता, तोच साडेतीनला फुलसावंगीची लाइट गेली. दहा मिनिटांत आली, पण राउटर नवा पत्ता घेऊन उठला. बॅलन्सर ओळखेना. सगळ्या पुन्हा क्र. १ कडे, आणि तिथे: नव्याने सुरुवात करा.
"मॅडम, समदं कोरं झालं नं. म्या काईच नाई केलं."
माहीत आहे भाऊ. मीच केलं. कालची माझी हुशारी नसती तर हळूहळू का होईना, क्र. १ वरच पूर्ण झाले असते.
नवा पत्ता बांधेपर्यंत सव्वाचार. मधल्या वेळात क्र. १ ने सगळ्यांना नवी ओळख दिलेली, त्यामुळे जुने अर्धे फॉर्म उघडेचनात. चौदापैकी तिघींचे पूर्ण झाले. कविता त्यात नाही.
"तू का नाही बसलीस आधी?"
"तुही बहीन म्हनून मीच आधी घुसू का?"
पाचला फॉर्म आपोआप बंद झाले. ती वेळही मीच लावलेली, वाढवायचा अधिकार मात्र माझा नाही. हातात माउस होता, आणि करता येण्यासारखं काहीही नव्हतं.

७ जून, शनि.
क्र. २ च्या मेमरीत अकराही अर्धे फॉर्म अजून शाबूत. नावं, गुण, दाखल्यांचे फोटो. फक्त शेवटचं बटण राहिलंय. प्रवेशप्रमुख सरांना सांगितलं. म्हणाले, "सोमवारी मीटिंगमध्ये ठेवू. पण सिस्टिममध्ये दिसलं पाहिजे, तुमच्या हातची यादी चालायची नाही." आणि त्याच दमात: "दोन्ही सर्व्हर आजच रीस्टार्ट करा, अंतिम यादी काढायची आहे."
रीस्टार्ट केला की मेमरी कोरी. हे त्यांना दोनदा समजावलं. दोनदा "हो हो" म्हणाले.
क्र. १ रीस्टार्ट केला. क्र. २ नुसता बाजूला काढला: नवीन कोणी आत यायचं नाही, आत असलेल्यांना बाहेर काढायचं नाही. सोमवारपर्यंत टिकेल का, माहीत नाही. सोमवारी कोणी ऐकेल का, तेही नाही.
कविताचा मेसेज: बाई, लागन का नंबर? काय लिहू तिला?
आत्ता सरांचा फोन. "दुसरा केला का रीस्टार्ट?"
ऑफिसात मी कधी गावाकडचं बोलत नाही. पण क्र. २ ला हात न लावता तोंडातून निघून गेलं:
"करून राह्यली, सर."