ही म्हणजे तो

४ डिसें., गुरु.
रिसॉर्टवर रिसेप्शनची जागा निघाली. मॅडम म्हणाल्या, रूम आवरणाऱ्या कुणाला हवी असेल तर पुढच्या शुक्रवारी माझ्याशी इंग्रजीत बोलायचं. माझा हात वर. आपोआपच गेला.

६ डिसें., शनि.
मोबाइलवर धडे चालू. ही म्हणजे तो. शी म्हणजे ती. कुणी ठरवलं असेल हे! भाकरी थापता थापता पाठ करत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "कोनाला गं शी शी करतेस?"

७ डिसें., रवि.
फजिती. रिसॉर्टवरच्या एका पाहुण्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, नवरा काय करतो. म्हटलं, दे ड्राइव्ह टेंपो. त्या म्हणाल्या, किती नवरे आहेत? हसत सुटल्या.
'ते'चं मी दे केलं. मग काय करू? तो आला, तो जेवला, असं यांच्याबद्दल लग्नापासून एकदाही तोंडातून निघालेलं नाही. चादरींच्या घड्या घालताना डोळ्यांत पाणी. रागाचं.

९ डिसें., मंगळ.
यांना सांगितलं. खूप हसले. "आमी काय चार जनं हाय का गं?"
मग रिसेप्शनचं काढलं. हसणं बंद. ती ड्यूटी संध्याकाळी उशिरा सुटते, तेव्हा घरी कळंबला परत यायला गाडी मिळत नाही, म्हणाले. म्हटलं, टेंपो घेऊन खोपोलीहून रिसॉर्टवरूनच येताच ना, तसेच न्यायला या. किल्ली उचलली आणि बाहेर.

११ डिसें., गुरु.
अबोला. रागात ही अगदी सहज येतं. ही इज अँग्री. ही डझ नॉट टॉक. भांडी घासत मोठ्यांदा म्हटलं, ते समोरच बसलेले. मजा वाटली. मग कसंतरीच.

१२ डिसें., शुक्र.
मॅडमशी इंग्रजीत बोलले मी! नाव, गाव, काम, सगळं. शेवटी मॅडमनी विचारलं, संध्याकाळी घरी कशा जाल? म्हटलं, ही विल कम.
गुड, म्हणाल्या. सोमवारपासून या.
वाक्यात एकही चूक नव्हती. फक्त यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

१४ डिसें., रवि.
जेवताना सांगून टाकलं, मॅडमना काय बोलून आले ते.
"ही विल कम? मंजे?"
"येतील म्हणून."
"आनि ही कोन?"
"तुम्ही."
आणखी भात मागितला.

१५ डिसें., सोम.
पहिला दिवस संपला. गेटपाशी बसून लिहितेय. दिवसभर गुड मॉर्निंग, वेलकम, जमलं. बाकीच्या आपापल्या वाटेने गेल्या. वॉचमनकाकांनी विचारलं, "वैशाली, येनार हाय का कोन न्यायला?"
म्हटलं, हे येणार आहेत.
मराठीत म्हटल्यावर जास्तच भीती वाटली. वळणावर टेंपोचा आवाज येतोय. आपलाच! हे आले.