सालाखालचं टिंब

मी, या कागदाखाली सही करणारी, नाण्यांच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने लिहीत नाही; आता धाक वाटावा असं माझ्यापाशी काही उरलेलं नाही. डोक्याला टाके पडले आहेत आणि डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पण बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा लागला, कारण ‘काकूच्या डोक्यावर परिणाम झालाय’ असं माझा पुतण्या जगाला सांगत सुटला आहे. ज्या जुन्या मृत्युपत्रात मी सगळं त्याच्या नावावर केलं होतं, ते या कागदाने रद्द समजावं.

कलम पहिलं. माझ्या स्थावर आणि जंगम मालमत्तेतलं काहीही, अगदी दुकानातला झाडूसुद्धा, पुतण्याला मिळू नये. उद्या त्याने कोर्टात डोळ्यांत पाणी आणलं तर न्यायाधीशांनी पुढचं वाचावं.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. धाकटे दीर अकाली गेले, तेव्हा जाऊबाई आणि हा आमच्याच घरी राहिले. ह्यांनी त्याला मांडीवर बसवून नाणी ओळखायला शिकवलं. मोठा झाल्यावर त्याने फोनवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. एकदा दुकानातच उभा राहून पाचचं नाणं कॅमेऱ्यापुढे धरलं. “मित्रांनो, सालाखाली हे बारीक टिंब दिसतंय? या टिंबाला लाखो मिळतात! आणि घेणार कोण? हे बघा, माझे सख्खे काका!” मागे हे नाणी पुसत हसत होते. घरातलं पोर काहीतरी खेळतंय, एवढंच त्यांना वाटलं.

ते टिंब म्हणजे नाणं कोणत्या टांकसाळीत पडलं याची खूण. अशी नाणी कोट्यवधी निघाली. तुमच्या खिशातही असेल.

लोक यायला लागले. डबे घेऊन, उशांच्या खोळी भरून, कोणी पायमोज्यात बांधून. नाण्यांचा नाद नुकता लागलेली कोवळी पोरं यायची, पेन्शनीतले म्हातारे यायचे. हे प्रत्येकाला सांगायचे, “बाबा रे, पाचचं नाणं पाचलाच जातं. याचा पाव घे, चहाबरोबर खा.” लोक शिव्या द्यायचे. एकाने काउंटरवर थुंकून ठेवलं. ह्यांनी पुतण्याला बजावलं, “तो व्हिडिओ काढून टाक. लोक घरदार विकून बसतील.”

तो म्हणाला, “काका, लोक हौसेने बघतात. तुमचं दुकान फुकटात गाजतंय, आणि तुम्ही मलाच बोलता?”

मग वेल्डर आला. त्याने आपलं मशीन विकलं होतं, बायकोचं सोनं विकलं होतं, आणि टिंबाची नाणी दामदुपटीने गोळा केली होती. पत्र्याचा मोठा डबा त्याने काउंटरवर आपटला. ह्यांनी भिंग लावलं आणि नेहमीचंच सांगितलं. वेल्डरने फोन पुढे केला. “मग हा कोण? तुमचा जुळा भाऊ?”

“तो मीच आहे. पण मी असं कधी म्हटलं नाही रे.”

“स्वस्तात लुबाडायचंय होय? गरीब बघून गळा कापताय?”

मी मागच्या खोलीत होते. आवाज चढला, मग काच फुटली, मग ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज झाला. धावत बाहेर आले तर हे फरशीवर पडलेले, कपाळ फुटलेलं, आणि तो छातीवर बसून त्यांच्या तोंडात नाणी कोंबत होता. “खा! पाचचीच आहेत ना? मग खा!” ह्यांचे दात नाण्यांवर वाजत होते. शटर ओढायची आकड्याची सळई माझ्या हाताला लागली. मी ती त्याच्या तोंडावर घातली. आकडा डोळ्यात शिरला. मी तो सरळ काढला नाही, ओढून काढला. तो किंचाळत मागे कोसळला. मी ह्यांच्या तोंडातून बोटांनी नाणी काढत राहिले. शेवटचं नाणं निघालं तेव्हा श्वास थांबलेला होता.

वेल्डर जन्मठेप भोगतो आहे. मी ह्यांना वाचवत होते असं कोर्टाने माझ्याबाबतीत ठरवलं. मी वाचवत नव्हते, मारत होते. कोर्टाचा मान राखून ही दुरुस्ती इथे नोंदवते.

ह्यांना पोचवून आलो, त्यानंतर लगेचच पुतण्याने दुसरा व्हिडिओ टाकला. “या एका नाण्यापायी माझ्या काकांचा खून झाला. विचार करा मित्रांनो, किती मोलाचं असेल!” बोलताना तो रडत होता. ते रडणं खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कलम दुसरं. दुकानावरच्या दोन खोल्यांत जाऊबाईंनी हयातभर राहावं. स्वयंपाकघराची खिडकी त्यांना आवडते, ती कोणी बुजवू नये. अट एकच: त्यांच्या मुलाने त्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही. अट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “पोटचा गोळा आहे हो माझा. दारातून हाकलू कसा?”

मी म्हटलं, “दारातून नका हाकलू. बाहेर जाऊन भेटा.”

त्या माझ्याशी बोलत नाहीत. भाजी मात्र दोघींची चिरतात. त्यांच्या पश्चात या खोल्या विकून पैसे सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागाला द्यावेत. तिथल्या खाटा मला चांगल्या ठाऊक आहेत.

कलम तिसरं. नाणी. आमचा खरा संग्रह आता एका खणात मावतो, कारण बाकीचा पुढच्या हल्ल्यात गेला. दुसरा व्हिडिओ बघून दोन तरणे गडी सुरे घेऊन भर दुपारी दुकानात घुसले. “खुनाचं नाणं काढ, म्हातारे.” असं नाणं नाही म्हटलं, तर एकाने माझा दंड उभा चिरला, दुसऱ्याने डोकं काचेच्या कपाटावर आपटलं. मी गल्ल्यातली मूठभर पाचची नाणी फरशीवर फेकली. “त्यातलंच एक आहे, शोधा!” दोघे गुडघ्यांवर बसून टिंब शोधायला लागले. टिंब तर सगळ्यांवरच होतं. “तू खिशात घातलंस!” “आईशप्पथ नाही!” बघता बघता दोघे एकमेकांच्या उरावर बसले, आणि एकाने दुसऱ्याच्या पोटात सुरा घालून फिरवला. ज्याला लागला तो पोट धरून मला म्हणाला, “आजी, कोणतं होतं ते? सांगा ना.”

मी सांगितलं, “कोणतंच नव्हतं रे.” ऐकायला तो राहिला होता की नाही, माहीत नाही. दुसरा तोवर कपाटातला संग्रह पिशवीत कोंबून पळाला होता.

खणातली नाणी नवशिक्यांना एकेक करून फुकट वाटावीत, आणि प्रत्येकाबरोबर चिठ्ठीवर त्याची खरी किंमत लिहावी, मग ती कितीही क्षुल्लक असो. हे काम माझा हा कागद करून देणाऱ्या वकीलबाईंनी करावं. त्यांना या विषयातलं काही कळत नाही, म्हणून त्या नीट विचारून करतील.

कलम चौथं. पुतण्याच्या उजव्या हाताबद्दल. इस्पितळातून सुटल्यावर मी त्याच्याकडे गेले. दोन्ही व्हिडिओ काढ, एवढंच म्हणायचं होतं. त्याने दार अर्धं उघडलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. “बोला काकू, लोक बघतायत.” मी त्याचं मनगट चौकटीवर दाबलं आणि अंगाचा सगळा भार दारावर टाकला. हाडं वाळक्या काटक्यांसारखी मोडली. मला पश्चात्ताप नाही. त्याने दुसऱ्या हाताने चित्रीकरण चालूच ठेवलं आणि तोही व्हिडिओ टाकला. तोच सर्वांत जास्त पाहिला गेला, असं ऐकते. त्या हाताच्या उपचाराचा खर्च माझ्या ठेवीतून भागवावा. हा वारसा नव्हे, मोडतोडीची भरपाई. फोनची भरपाई देऊ नये.

कलम पाचवं. दुकानाचा गाळा वेल्डरच्या बायकोला द्यावा. ती समोरच्या जिन्याखाली कपड्यांना इस्त्री करते. नवरा तुरुंगात गेल्यावर ती माझ्या दारात आली होती. क्षमा मागायला नाही. “पोलिसांनी तो डबा तुम्हाला परत दिलाय म्हणे. नाणी माझ्या सोन्याची आहेत. पाचला पाच तर चालतील ना?” मी डबा तिच्या अंगावर फेकला. तिने रस्त्यावर बसून एकेक नाणं वेचलं, आणि मी उभी राहून बघितलं. पुढे माझा दंड चिरला गेला त्या दुपारी तीच इस्त्री टाकून धावत आली. कोणा गिऱ्हाइकाची धुतलेली चादर फाडून तिने माझा हात आवळला आणि मला रिक्षात घातलं. वाटभर ती गाठ तिने दोन्ही हातांनी दाबून धरली.

दुरुस्ती. वरचं कलम पाचवं खोडलं आहे. आज सह्यांच्या वेळी वकीलबाईंनी तिला बोलावून ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, “नको.”

वकीलबाई म्हणाल्या, “अहो, मोक्याचा गाळा आहे. छपराखाली बसाल.”

“त्या फरशीवर ह्यांच्या मालकांचा जीव गेला. माझ्या नवऱ्याचा डोळा तिथेच सांडला. तिथे मी लोकांचे पांढरे कपडे ठेवू?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, तुम्ही देताय ते मला कळतं. पण घेतलं तर आपलं मिटलं असं होईल. आपलं मिटलेलं नाही.”

मी म्हटलं, “नाही मिटलेलं.”

डॉक्टर साक्षीदार म्हणून आधीच बसले होते. दुसऱ्या साक्षीदाराचा पत्ता नव्हता. पुतण्या आपलाही व्हिडिओ टाकेल या भीतीने शेजारच्यांनी अंग काढून घेतलं होतं. तिने विचारलं, “साक्ष देणाऱ्याला यातलं काही मिळत नाही ना?”

“काहीच नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “उलट कोर्टात उभं राहावं लागेल. पुतण्याचा वकील नाही नाही ते विचारेल.”

“विचारू दे. ही बाई शुद्धीवर आहे, हे माझ्याइतकं कोण सांगणार?” ती खुर्ची ओढून बसली. “आणा पेन इकडे.”

गाळा वरच्या खोल्यांबरोबरच विकावा.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, मान्य केलं, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत उजव्या हाताने सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली.

सही: दुकानाची मालकीण
साक्षीदार पहिला: डॉक्टर, ज्यांनी टाके घातले
साक्षीदार दुसरी: इस्त्रीवाली, वेल्डरची बायको
ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच