निळ्या कड्याचा पक्षी

१२ एप्रिल, टूसॉन

पुन्हा काटाच! काटा स्पष्ट, पक्षी धूसर. घरी एडिसनमध्ये बारसं असो की मुंज, कॅमेरा घेऊन मलाच बोलावतात — इथे वीतभर पाखरू दाद देत नाही.

अबोलीला फक्त त्याचे पाय हवेत. गेल्या वर्षी तिने कॅक्टस रेन या पाखराच्या एका नराच्या पायात निळं कडं घातलं. चोया नावाच्या या काटेरी झाडातलं घरटं त्याचंच, हे फोटोत दिसलं तरच तिच्या पीएच.डी.त धरता येईल. आत पिल्लं आहेत, म्हणून लांबूनच. वर तंबी — "बाबा, पक्ष्यांना काही खायला घालायचं नाही हं. जस्ट द लेग्ज!"

जस्ट म्हणे!

१३ एप्रिल

चोयाचा तुकडा पोटरीला चिकटला. काढायला गेलो तर हातालाही! "हात नाही, बाबा, कंगवा!" माझाच केसांचा कंगवा. नारायणा, एवढे काटे कशाला रे केलेस?

१५ एप्रिल

बंद पडलेली गाडी सुरू करावी तशी त्याची नुसती घरघर ऐकू येते. मग सुळकन घरट्यात. पाय कुठले दिसायला!

घरून प्रतिमाचा फोन — "पाखरावर कसला राग काढताय? उद्या दादांची तिथी आहे, लक्षात आहे ना?"

१६ एप्रिल

अबोली लॅबला गेल्यावर वडिलांच्या तिथीचा भात लावला. वर दही-तूप. एडिसनला दरवर्षी घास अंगणात तसाच वाळतो. इथे घरट्याजवळच्या खडकावर ठेवला, हात जोडले.

आणि आला की! काळा, धिप्पाड. इथे रेव्हन म्हणतात, मी कावळाच म्हणणार. लगेच शिवला! दादा गेल्यापासून पहिल्यांदा. डोळे भरून आले.

अबोलीला सांगितलं नाही. उगाच चिडेल. उद्याही थोडा ठेवीन.

१७ एप्रिल

मिळाला! नर उघड्यावर, पार शेंड्यावर, पंख फुलवून ओरडतोय — निळं कडं लखलखीत. अबोलीने मिठीच मारली. "बाबा, यू आर अ जीनियस!"

दादांची कृपा. एरवी लपणारा आज एवढा बाहेर का आला, देव जाणे.

१८ एप्रिल

अबोलीने फोटो मोठा केला. मागे काळं काहीतरी. मला सावली वाटली होती.

आम्ही जाऊन पाहिलं. घरटं फाडलेलं. आत काही नाही.

"या घरट्यापाशी रेव्हन कधीच नसतो, बाबा. आला कशाला?"

भाताचा डबा माझ्या पिशवीत होता.